आमची पतसंस्था विलीन करायची की नाही, हे आम्ही कसं ठरवलं

आमच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पतसंस्थेकडे पैसा कमी पडत नव्हता, पडून होता. विलीनीकरणाचा विषय तिथूनच निघाला. हे आधीच सांगते, कारण नंतर मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने संस्था बुडायला आली असणार असंच गृहीत धरलं. लेखापरीक्षणात आम्हाला वर्षानुवर्षं 'अ' वर्ग मिळत होता आणि थकबाकी नावापुरती होती. पण कर्ज मागायला येणारा माणूस दिसेनासा झाला होता.

मी कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या विभागात, काम करते आणि पतसंस्थेत महिला राखीव जागेवरून निवडून आलेली संचालक होते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक जुन्या कारखान्यांसारखाच आमचाही कारखाना. १९८०च्या दशकात भरती झालेले कायम कामगार एकामागून एक निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी येणारे बहुतेक कंत्राटदारामार्फत यायचे. आमच्या पोटनियमांप्रमाणे सभासद फक्त कायम कामगार.

पगारदारांच्या पतसंस्थेचं गणित बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जाते, त्यातून भाग (शेअर) आणि ठेव जमते, आणि त्या पैशातून सभासदांना कर्ज मिळतं. सहकार कायद्याच्या कलम ४९ मुळे सभासदाने लिहून दिलं की मालक हप्ता पगारातूनच कापून संस्थेला देतो, म्हणून वसुलीची चिंता कमी. पण हे चक्र फिरायला दोन पिढ्या लागतात: घर, लग्न, मुलांची शिक्षणं यासाठी कर्ज काढणारी तरुण पिढी आणि कर्ज फेडून पैसे साठवणारी वयस्कर पिढी. आमच्याकडे दुसरीच उरली होती. पंचावन्न ओलांडलेला माणूस नवं कर्ज काढत नाही, ठेव मात्र वाढवत राहतो. आम्ही ठेवींवर साडेआठ टक्के देत होतो. शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा याच्या जागा कलम ७० ने ठरवून दिलेल्या, आणि तिथे मुदत ठेवीवर मिळायचे सात-सव्वासात. म्हणजे पडून असलेल्या प्रत्येक रुपयावर तोटा. नफा दिसत होता तो जुन्या कर्जांच्या व्याजामुळे, आणि ती कर्जं संपत चालली होती.

कोण कधी निवृत्त होणार याची यादी टाइम ऑफिसमध्ये असतेच. मी तिच्यापुढे प्रत्येकाचे भाग, ठेव आणि कर्जबाकी हे तीन रकाने मांडले आणि वर्षवार बेरजा केल्या. तो कागद संचालक मंडळापुढे ठेवला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. चार वर्षांनी सभासद निम्म्याच्या खाली, कर्जं त्याहून खाली, आणि दोन कर्मचाऱ्यांचा पगार, संगणक प्रणाली, लेखापरीक्षण शुल्क हा खर्च जिथल्या तिथे. ताळेबंद पाहून हे कळत नाही. ताळेबंद ३१ मार्चला काय होतं ते सांगतो, हजेरीपट पुढचं सांगतो. कुठल्याही नोकरदार पतसंस्थेने विलीनीकरणाची चर्चा करण्याआधी हा एक कागद तयार करावा, असं मी आता ज्याला त्याला सांगते.

अध्यक्षांचा पहिला कल स्वतंत्र राहण्याकडे होता, माझाही होता. संस्थेची खोली कंपनीच्या आवारात, कॅन्टीनशेजारी. पहिल्या पाळीत अर्ज दिला तर तातडीचं कर्ज संध्याकाळपर्यंत हातात. अर्जदाराच्या घरी आजारपण आहे की आणखी काही, हे संचालकांना आधीच ठाऊक असायचं. ही ओळख हीच आमची खरी तारण व्यवस्था होती. ती सोडायची कशाला?

म्हणून आधी स्वतंत्र राहून काय करता येईल ते पाहिलं. सरळ उपाय होता कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा. मला मनापासून वाटत होतं की हे व्हावं. खरी गरज त्यांनाच होती. मोबाइलवरच्या ॲपमधून दहा-पंधरा हजारांचं कर्ज काढून वसुलीच्या फोनांनी हैराण झालेली पोरं मी रोज पंचिंग मशीनसमोर पाहत होते. पण कलम ४९ ची कपात मालकाच्या हातात असते, आणि इथे मालक म्हणजे कंत्राटदार. तो बदलला की कपात थांबली. जामीनदार कोण, तर त्याच कंत्राटदाराकडचा दुसरा मुलगा. दुसरा मार्ग बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करून घेण्याचा. ती सोय आहे, पण ती घ्यायला एखाद्या बँकेने पाठीशी उभं राहावं लागतं, आणि आमच्या संस्थेचा आकार पाहून बँकेने जो खर्च सांगितला तो परवडणारा नव्हता. एकट्याने तरुण सभासद मिळवायची वाट तिथे अडली.

मग एका मोठ्या नागरी पतसंस्थेचा निरोप आला. अनेक शाखा, चकचकीत कार्यालय, आणि तत्परता अशी की आम्ही होकार देण्याआधीच करारनाम्याचा मसुदा तयार. आमची खोली त्यांची शाखा होणार, कर्मचारी कायम राहणार, ठेवींवर अर्धा टक्का जास्त मिळणार. आमच्यापैकी दोघांना सल्लागार समितीवर घेणार, असंही सांगितलं. बरेच सभासद हरखले. एका गैरसमजाने त्यात भर घातली: एवढी मोठी संस्था म्हणजे ठेवी सुरक्षित. बँकांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं जे संरक्षण आहे, ते पतसंस्थांना लागू नाही. पतसंस्था लहान असो की शंभर शाखांची. हे मला दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलावर जाऊन सांगावं लागलं.

त्या मसुद्यात जे लिहिलं नव्हतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. सहकारात एक सभासद, एक मत. भाग कितीही असोत. त्यांच्या सभासद संख्येत आमची मिळवली तर आम्ही शंभरात दोन-तीन. सल्लागार समिती कायद्याने कुणाला बांधील नसते, ती एका ठरावाने नेमता येते आणि एका ठरावाने मोडता येते. तातडीचं कर्ज त्याच दिवशी मिळत राहील हे आश्वासन कुठे नोंदवणार, असं मी विचारलं. करारात, असं उत्तर आलं. आमची नोंदणी रद्द झाल्यावर त्या कराराची दुसरी बाजू कोण? करारभंग झाला तर दाद मागायला आम्ही संस्था म्हणून अस्तित्वातच नसणार. यावर समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

याच सुमारास मी इतर देशांत काय होतं ते वाचू लागले. अमेरिकेत आपल्या पतसंस्थांसारख्याच क्रेडिट युनियन आहेत. १९६९च्या सुमारास त्या २३ हजारांहून जास्त होत्या, आता पाच हजारांच्याही आत आहेत. सभासद मात्र कमी झाले नाहीत, उलट वाढून १४ कोटींच्या घरात गेले. म्हणजे लहान संस्था मोठ्यांत विरघळत गेल्या. तिथल्या नियामकाने २०१८ पासून एक नियम केला: विलीन होणाऱ्या संस्थेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना किंवा संचालकांना त्या विलीनीकरणातून मोठा आर्थिक लाभ मिळणार असेल, तर मतदानाआधी तो सभासदांना कळवायचा. हे वाचून मी आमच्या मंडळात मागणी केली की प्रत्येक संचालकाने लिहून द्यावं: यातून मला पद, मानधन, कर्ज, नातेवाइकाला नोकरी यांपैकी काही मिळणार आहे का, किंवा कुणी तसं सुचवलं आहे का. आपल्याकडे अशी सक्ती नाही. दोघे रागावले. अध्यक्षांनी मात्र सगळ्यांत आधी स्वतःचा कागद सही करून टेबलावर ठेवला, त्यामुळे बाकीच्यांना ठेवावाच लागला. सल्लागार समितीच्या जागांबद्दलची चर्चा त्यानंतर आपोआप थंडावली.

तिसरी वाट आमच्या शेजारीच होती. त्याच पट्ट्यातल्या तीन-चार कंपन्यांच्या कामगारांची मिळून एक पतसंस्था, आमच्यापेक्षा थोडीच मोठी. त्यांची अडचण आमच्या बरोबर उलट होती. सभासद तरुण, कर्जाला रांग आणि ठेवी अपुऱ्या. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांनाही ते सभासद करून घेत होते आणि खात्यातून हप्ता वळता करण्याची सोय त्यांनी आधीच घेतलेली होती. दोन्ही संस्था एकत्र आल्या तर दहातले चार सभासद आमचे.

हा 'दहातले चार' आकडा माझ्यासाठी निर्णायक ठरला. पोटनियम बदलायला सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत लागतं. ज्या गटाकडे एक तृतीयांशाहून जास्त मतं आहेत, त्याच्या मर्जीविरुद्ध पोटनियम बदलता येत नाही. निवडणुकीत तो गट हरेल, संचालक मंडळात अल्पमतात जाईल, पण पोटनियमात जे लिहून घेतलं ते टिकवू शकेल. मोठ्या संस्थेत आम्हाला हे कधीच शक्य नव्हतं. व्याजदर, शाखा, कार्यालय यांची तुलना आम्ही महिनोन्‌महिने करत होतो. त्याऐवजी आधी मतांची वाटणी मांडली असती तर त्या मसुद्यावर एवढा वेळ गेलाच नसता.

त्यांची कागदपत्रं तपासायला आम्ही तिघे बसलो आणि आमची तपासायला त्यांचे तिघे. पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यांवरचे दोषदुरुस्ती अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. एकच दोष तीन वर्षं ओळीने नोंदवलेला असेल आणि प्रत्येक वेळी 'दुरुस्ती केली' असं उत्तर असेल, तर तिथे थांबायचं. त्यांच्याकडे असा एक होता: व्यक्तिगत खातेवह्यांची बेरीज तेरजेशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या एकत्रित गोषवाऱ्याशी, जुळत नव्हती. फरक छोटा होता आणि संगणक प्रणाली बदलताना झालेला निघाला. पण तो शोधून मिटेपर्यंत आम्ही पुढे सरकलो नाही.

खरं शोधायचं होतं ते जुने-नवे. थकत आलेलं कर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवं कर्ज देऊन बंद करायचं, म्हणजे थकबाकी कागदावर दिसत नाही. त्यासाठी मार्चमध्ये बंद झालेली आणि मार्च-एप्रिलमध्ये दिलेली कर्जं सभासदवार लावून पाहिली. काही सापडली. फार नव्हती, पण होती. त्यांच्या सचिवांनी लपवाछपवी केली नाही. दोन कंपन्यांतल्या टाळेबंदीच्या काळात हप्ते थांबले होते, म्हणून असं केलं, हे त्यांनी सरळ सांगितलं. त्या सरळपणामुळे माझा विश्वास वाढला.

इथे राखीव निधीचा प्रश्न आला, आणि आमच्या सभासदांना सगळ्यांत जास्त बोचणारा तोच होता. कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावा लागतो. चाळीस वर्षांत आमचा निधी चांगला जमला होता. दर सभासदामागे हिशेब केला तर त्यांच्या जवळपास दुप्पट. हा पैसा सभासदांना वाटता येत नाही. संस्था सोडणाऱ्याला भाग दर्शनी किमतीनेच परत मिळतो आणि लाभांशालाही १५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीने साठवलेला निधी त्यांच्या ताळेबंदात जाणार आणि आमच्या हातात काही येणार नाही. 'आमचा घाम त्यांच्या बुडीत कर्जांत जिरणार का?' एका निवृत्तीला आलेल्या फिटरने सभेत विचारलेला हा प्रश्न मला रास्त वाटला.

त्यावर आम्ही अट घातली ती अशी. जुने-नवे केलेली सगळी कर्जं थकीत धरून त्यांची पूर्ण तरतूद (ती बुडाली तर म्हणून तेवढी रक्कम बाजूला काढणं) त्यांनी स्वतःच्या नफ्यातून आणि निधीतून करायची, तीही विलीनीकरणाच्या आधीच्या ताळेबंदात. त्यांचा त्या वर्षीचा लाभांश त्यामुळे जवळजवळ गेला. त्यांच्या सभासदांची नाराजी मी समजू शकते. पण त्यांच्या मंडळाने ते मान्य केलं, कारण आमच्या पडून असलेल्या ठेवी त्यांना हव्या होत्या. आम्ही आणखी चार वर्षं थांबलो असतो तर अशी अट घालायची ताकद आमच्यात राहिली नसती. ठेवीदार निवृत्त होऊन पैसे घेऊन गेले असते आणि आम्ही कुणाच्या तरी दारात उभे असतो.

दुसरी अट क्रमाची होती. आमच्या कंपनीच्या कामगारांना सभासद करून घेण्यासाठी त्यांना सभासदत्वाच्या पात्रतेचा पोटनियम बदलावाच लागणार होता. त्याच दुरुस्तीत आम्ही दोन गोष्टी घालून घेतल्या: संचालकांच्या जागा कंपनीनिहाय, सभासद संख्येच्या प्रमाणात, आणि प्रत्येक कंपनीत तातडीचं कर्ज मंजूर करणारी स्थानिक उपसमिती. ही दुरुस्ती निबंधक कार्यालयात नोंदली गेल्यावरच आमच्याकडे मतदान होईल, असं ठरलं. यात बरेच महिने गेले. सहायक निबंधक कार्यालयात त्रुटींची पूर्तता करत घातलेल्या फेऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. कागद व्यवस्थित असला की काम होतं, वेळ लागतो.

सहकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे विलीनीकरणासाठी खास बोलावलेली सर्वसाधारण सभा लागते आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती लागते, शिवाय निबंधकांची पूर्वमान्यता. सभा पहिली पाळी सुटल्यावर ठेवली. निवृत्त झालेले बरेच जणही आले. त्यांचं सभासदत्व संपलेलं, त्यामुळे मत नाही, पण ठेवी आमच्याकडेच होत्या. 'आम्हाला कोण विचारणार?' म्हणून एक काका उठले. त्यांना मी कलम १७ मधलीच तरतूद वाचून दाखवली: ठराव झाल्यावर सभासदांबरोबर धनकोंनाही, म्हणजे संस्था ज्यांचं देणं लागते त्यांनाही, नोटीस द्यावी लागते, महिन्याभरात ते आपले पैसे परत मागू शकतात, आणि मागणाऱ्यांची देणी भागवल्याशिवाय निबंधक आदेश काढत नाहीत. ठेवीदार हा धनकोच. मत नसलं तरी त्यांच्या हातात हा हक्क होता. पण त्यात एक मेख आहे, तीही सांगितली: महिन्यात काहीच कळवलं नाही तर संमती दिली असं धरलं जातं. म्हणून नोटिशीसोबत आम्ही पर्यायाचा साधा मराठी अर्ज जोडला आणि ज्यांचे पत्ते बदलले होते त्यांना शोधून काढलं.

चर्चा लांबली. नाव जाणार, नोंदणी क्रमांक जाणार, याचं दुःख बोलून दाखवणारे बरेच होते आणि ते दुःख खरं होतं. ज्या सभासदाने पहिलं घर या संस्थेच्या कर्जातून बांधलं, त्याला दुसऱ्या नावाचं पासबुक हातात घ्यायचं जड जातंच. सभासद कल्याण निधीवरून वाद झाला. सभासद कर्ज बाकी असताना वारला तर त्या निधीतून कर्ज भागवायचं आणि जामीनदाराला मोकळं करायचं, ही आमची जुनी पद्धत. त्यांच्याकडे ती नव्हती. शेवटी तो निधी वेगळ्या खात्यात राहील आणि फक्त आमच्याकडून आलेल्या सभासदांसाठी वापरला जाईल, असं ठरलं. ठराव दोन तृतीयांशांच्या थोडा वर मतांनी मंजूर झाला. विरोधात हात वर केलेल्यांमध्ये माझ्या जवळची माणसंही होती.

नोटिशीच्या महिन्यात पैसे परत मागणारे निघाले, पण आम्हाला भीती होती तेवढे नाहीत. मुदत ठेवींच्या तारखा आम्ही आधीच अशा लावल्या होत्या की त्या महिन्यात रोख हाताशी असेल. मागितलेले पैसे मिळतात हे पाहिल्यावर बाकीचे थांबले.

आता विलीनीकरणाला वर्ष उलटून गेलं आहे. आमच्या पडून असलेल्या ठेवी कर्जाऊ गेल्या आहेत. आमच्याच कारखान्यातली मुदतीच्या करारावरची मुलं सभासद झाली आहेत. त्यातल्या एकाने ॲपची तीन कर्जं एकत्र फेडून टाकली, ते प्रकरण माझ्या उपसमितीने मंजूर केलं. आमचे दोन्ही कर्मचारी सलग सेवा धरून तिकडे आहेत.

तातडीचं कर्ज मात्र संध्याकाळपर्यंत मिळत नाही. उपसमिती त्याच दिवशी मंजूर करते, पण पैसे मुख्य कार्यालयातून खात्यावर पडायला दोन-तीन दिवस जातात. मंजुरी पोटनियमात लिहून घेतली होती, पैसे किती दिवसांत द्यायचे ते करारनाम्यात होतं. कल्याण निधीचंही तसंच: वेगळं खातं करारात, पाच वर्षांसाठी. दोन्ही गोष्टी पोटनियमात आणण्याचा प्रस्ताव आम्ही मुदतीत दिला आहे आणि तो येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. या वेळी दोन तृतीयांश मतं आम्हाला मिळवायची आहेत, आणि ती एकट्या आमच्या लोकांनी होणार नाहीत. म्हणून त्यांच्याकडच्या तरुण सभासदांना हा निधीही सगळ्यांसाठी खुला करावा, वर्गणीतून थोडी रक्कम प्रत्येकाने द्यावी, असा मसुदा घेऊन आम्ही त्यांच्या कंपन्यांच्या गेटवर भेटायला सुरुवात केली आहे. सभा सप्टेंबरअखेरच्या आत होईल. दुसऱ्या पाळीवाल्यांना त्या दिवशी पाळी बदलून द्यावी, असा अर्ज मी कंपनीकडे दिला आहे.